बोदलकशाच्या काठावर

डिसेंबरात बोदलकशाला जाऊन आले. बरोबर माझी जुनी शेजारीण. ती ख्रिस्ती, मी नाही. पण दिवाळीचा चिवडा आणि नाताळच्या करंज्या वीस वर्षं एकाच कुंपणावरून ये-जा करताहेत. गेल्या वर्षी तिचे यजमान गेले. भेटायला येणारा जो-तो म्हणे, "देवाचा काहीतरी हेतू असेल हो." ऐकून ऐकून ती विटली होती. "कसला हेतू? एकदा सांगा तरी!" म्हणायची. म्हटलं, चल, कुठंतरी पाण्याकाठी जाऊ.

नागपूर-गोंदिया मार्गावर तिरोड्याला उतरायचं, पुढे गाडी ठरवायची. (भाडं आधी बोलून घ्यावं, आणि डबा घरूनच न्यावा.) धान कापून झालेलं, बांध्यांतून तणसाचे ढीग. मग जंगल लागतं आणि एकदम समोर पाणी! भोवती डोंगर, मधे १९१७ सालच्या मातीच्या धरणानं अडवलेला तलाव. थंडीतली पाहुणी बदकं दूरवर तरंगत होती. नागझिऱ्याचं रान इथून जवळच, त्यामुळे लोक वाघाच्या ओढीनं पुढे निघून जातात. आमच्या पथ्यावरच पडलं.

बांधावर बसून थर्मासमधला चहा ओतला. ती म्हणाली, "आपण आलो ना, त्याच रेल्वेमार्गानं १८९३ साली ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा भेटला. त्यानं बायबल हाती दिलं."

टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका प्रवासाची किंमत मोजली ती मात्र लक्ष्मीबाईंनी. पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा जिता असून नसल्यासारखा! चार-साडेचार वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं त्या टिळकांकडे गेल्या, १९०० साली स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या, दुष्काळातली पोरकी मुलं त्यांनी घरात घेतली. १९१९ साली टिळक वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. त्याचे साठाहून जास्त अध्याय या बाईंनी लिहिले. ज्या बाईला लिहावाचायला लग्नानंतर शिकावं लागलं, तिनं!

मी म्हटलं, "मग हाच त्यांच्या दुःखाचा हेतू, नाही का?"

"छे गं! असं म्हणू नकोस," ती जरा चिडलीच. "पंढरपुरात रडत होत्या तेव्हा त्यांना यातलं काय ठाऊक होतं? अगं, क्रुसावर खुद्द ख्रिस्तानंही 'का' म्हणून विचारलं. त्याला तरी त्या घटकेला कुठं उत्तर मिळालं? देव वरून दुःख धाडतो नि हिशेब ठेवतो, असं नाही मी मानत. तो स्वतः त्यात उतरला, एवढंच मला पुरतं."

मला हे सगळं पटलं असं नाही. पण "हेतू असेल" म्हणणाऱ्यांत मीही होते, ते आठवून ओशाळले.

बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या अकरा रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या ना, तिथं पहाटे तीनला फार वाटायचं, कुणी घोटभर चहा द्यावा. अजूनही तिथं बायका बसलेल्या असतील."

परतीच्या गाडीत तिनं थर्मास उलटसुलट करून पाहिला.

"यात चारच कप मावतात. मोठा कुठं मिळेल गं?"