काक्षी

लहानपणी आजीने अंगणात उभे करून मला मृग नक्षत्र दाखविले. चार ताऱ्यांचे चार पाय आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण! त्यांतील तांबूस पायाचे नाव काक्षी, हे पुढे पुस्तकात कळले. आजी गेली, काक्षी मात्र दर हिवाळ्यात भेटत राहिला.

२०२० च्या फेब्रुवारीत पाहतो तो काय, त्याचे निम्मे तेजही उरले नव्हते! म्हातारा तारा तो. कधीतरी त्याचा स्फोट व्हायचाच. ती घटका आली की काय? मी रोज रात्री गच्चीवर जाऊ लागलो. एप्रिलअखेर पश्चिमेस कललेला काक्षी पुन्हा ठसठशीत दिसला, तेव्हा मी घरातल्या सर्वांना हाका मारल्या.

झाले होते काय? चिली देशातील प्रचंड दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत त्याची दक्षिण बाजू काळवंडलेली दिसली. ताऱ्याने वायूचा लोट बाहेर टाकला होता. मग पृष्ठभागाचा काही भाग निवला, त्या थंडाव्यात वायूची धूळ झाली आणि तिचा पडदा आड आला, असा उलगडा शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये केला.

काक्षीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला काही शतके लागतात. म्हणजे मी गच्चीवर तळमळत होतो, तेव्हा त्याला सावरून शेकडो वर्षे लोटली होती!