दुसरी तजवीज

प्रवासाला निघताना काय काय बांधून घ्यावे याचा विचार सारेच करतात. तो प्रवास घडलाच नाही तर काय, याचा विचार करणारी माणसे मात्र आमच्या धर्मग्रामात आम्हांला फारशी आढळलेली नाहीत. सहलीची बस एकदा ठरली की ठरली. मग चालक आजारी पडो वा घाटात दरड कोसळो, ‘देव पाहून घेईल’ या एका वाक्यावर सारी मंडळी निर्धास्त असतात. खोटे कशाला बोला, अशा निर्धास्त मंडळींत आमचीही गणना होत असे. २०२४ सालच्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंनी आम्हांला समोर बसवून दुसरी तजवीज कशी करतात ते शिकविले. त्याचीच ही हकीकत.

दादा आमच्याहून आठ वर्षांनी मोठे. बोटीवर साधे खलाशी म्हणून लागले आणि बोसन म्हणून २०२० साली निवृत्त झाले. आता गुडघे कुरकुरतात, साखर वाढते, पण बोलण्यातला वारा अजून दर्यावरचाच आहे. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. त्याने डिसेंबरातल्या एका प्रवासी जहाजाची तीन तिकिटे काढून पाठविली: मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. एक दादांचे, एक वहिनींचे आणि एक आमचे. चाळीस वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाला पुन्हा समुद्राचीच सहल कशाला, असे आम्ही हसून म्हटले. दादा हसले नाहीत. ‘‘आजवर मी जहाज धुतलं. एकदा जहाजावर नुसतं बसून बघायचंय,’’ ते म्हणाले.

गोवाच का, हे मात्र आम्हां दोघांनाही न सांगता ठाऊक होते. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांचा शवदर्शन सोहळा होतो. २०२४ चा सोहळा २१ नोव्हेंबरला सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालणार होता. आणि आमच्या घरात या सोहळ्याची एक जुनी बाकी राहिलेली होती.

१९८४ साली आम्ही सोळा वर्षांचे होतो. दादा पहिला करार संपवून घरी आले होते, खिशात पैसे होते आणि अंगात मोठ्या मुलाचा अभिमान होता. त्या वर्षीच्या सोहळ्याला आईला आणि आम्हांला बोटीने नेण्याचे त्यांनी जाहीर केले. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागत असे. डेकवर सतरंजी अंथरायची, शिदोरी सोडायची, गाणी म्हणायची, अशी तिची वर्णने आम्ही वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकली होती. आईने त्या प्रवासासाठी नवे लाल लुगडे घेतले. आणि निघायला तीन आठवडे उरले असता एजंटाची तार आली: जहाजावर ताबडतोब हजर व्हा. दादा गेले.

आज विचार करता वाटते, त्यात एवढे अडण्यासारखे काय होते? एस. टी. होती. मिरजेला गाडी बदलून लोंढ्यावरून मीटरगेजने गोव्यात उतरता येत होते. लांबचा वळसा होता खरा, पण लोक जात होते. वडील शेत सोडून येण्यासारखे नव्हते, तरी शेजारची दोन कुटुंबे निघालीच होती. आमच्याच घरात हा विचार कुणाच्या मनात आला नाही. योजना एकच होती, आणि ती दादांच्या हाताला धरून होती. आई म्हणाली, ‘‘मोठा आला की जाऊ. संत काय पळून जातो?’’ संत कुठे गेला नाही. आई मात्र १९९२ साली गेली. लुगडे घडी न मोडता पेटीत होते. तेच नेसवून आम्ही तिला निरोप दिला.

पुढचे सोहळे १९९४, २००४ आणि २०१४ साली झाले. आम्ही एकदा सेमिनरीतून आणि दोनदा धर्मग्रामाच्या बसने जाऊन आलो. तिन्ही वेळा दादा कुठल्या ना कुठल्या समुद्रावर होते.

असो. तिकिटे आली त्या रविवारी दुपारी जेवणानंतर दादांनी आम्हांला वही आणावयास सांगितले. आम्हांला वाटले, सामानाची यादी करायची असेल. त्यांनी वरती लिहविले: ‘जहाज सुटले नाही तर.’

आम्ही म्हटले, ‘‘दादा, अपशकुनाने सुरुवात कशाला?’’

त्यावर त्यांनी जे सांगितले ते सेमिनरीतल्या कुठल्याही वर्गात आम्ही ऐकले नव्हते. मोठे जहाज बंदर सोडते तेव्हा त्याच्या संपूर्ण मार्गाचा आराखडा तयार असतो, आणि त्याच आराखड्यात संकटकाळची व्यवस्थाही आखलेली असते: अमुक ठिकाणी यंत्र बिघडले तर नांगर कुठे टाकायचा, हवा फिरली तर कुठल्या बंदराचा आसरा घ्यायचा, कुठल्या बिंदूपर्यंत मागे वळता येते आणि कुठून पुढे वळता येत नाही. हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे, तो नोकरीचा भाग आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’वर बावीसशेच्या वर माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती १,१७८ जणांना. ‘‘होड्या जास्त ठेवल्या असत्या तर अपशकुन झाला असता काय?’’ दादांनी विचारले. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येक उतारूंची कवायत व्हायची होती. बत्तीस माणसे गेली. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच उतारूंना त्यांची जागा दाखवावी लागते.

डिसेंबरात समुद्र शांत असतो, हा आमचा शेवटचा मुद्दा. दादांनी तोही खोडून काढला. २०१७ च्या डिसेंबरातच ‘ओखी’ वादळ केरळच्या कोळ्यांचे बळी घेत वर मुंबईपर्यंत सरकले होते. शिवाय जहाज न सुटायला वादळच लागते असे नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली होती, तेव्हाच दादांनी सुट्टीत जाण्याचे मनात धरले होते. सुट्टी जुळेपर्यंत ती सेवाच थांबली.

मग आम्ही तिकिटामागचा बारीक मजकूर वाचावयास बसलो. चष्मा लावून कॅनन लॉ वाचणाऱ्या आम्हांलाही तो जड गेला. सार इतकेच निघाले की कंपनीला वाटल्यास ती तारीख बदलू शकते, वाटेतले बंदर गाळू शकते, आणि उतारू वेळेवर न आल्यास पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे जहाज सुटूनही गोवा गळण्याची सोय होती! त्यावर दादांकडे उपाय नव्हता. ‘‘मग आग्वादचा दिवा लांबून बघू आणि घरी येऊ,’’ ते म्हणाले.

उरलेल्या तजविजीचे त्यांचे सूत्र सोपे होते. दुसरी गाडी पहिलीच्या नंतर सुटणारी हवी, आधी सुटणारी नव्हे. जहाज सोमवारी सायंकाळी सहाला बॅलार्ड पिअरवरून निघणार होते. म्हणून त्याच रात्री अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या धरायची. ऐन वेळी जहाज रद्द झाले तरी पाच तास हातात राहतात. वसईवरून जाणारी वांद्रे-मडगाव गाडी त्याच ऑगस्टात सुरू झाली होती, आम्ही तिचे नाव सुचविले. पण ती आठवड्यातून दोनदाच, आणि तिच्या वारांशी आमचा सोमवार जुळेना. तेव्हा रेल्वेचे आरक्षण एकशेवीस दिवस आधी मिळे (पुढे १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांवर आली), म्हणून ऑगस्टातच वातानुकूलित तीन टिअरच्या तीन जागा घेतल्या. तेव्हा अठ्ठेचाळीस तास आधी रद्द केल्यास माणशी एकशेऐंशी रुपये आणि वर कर कापला जात असे. त्यानंतर बारा तासांपर्यंत भाड्याचा चौथा हिस्सा, पुढे चार तासांपर्यंत निम्मे भाडे. हे आकडेही दादांनी वहीत लिहविले. राहण्यासाठी मडगावला आमचे सेमिनरीतील एक गुरुबंधू आहेत. त्यांना कळविले, ‘‘आम्ही कदाचित येऊ, कदाचित येणार नाही.’’ त्यांनी उत्तर दिले, ‘‘तुझं नेहमीचंच.’’

वही मिटताना आमच्या मनात आले की ज्यांच्या दर्शनाला निघालो ते स्वतःच एका परीने दुसरी तजवीज होते. १५४० साली हिंदुस्थानासाठी संत इग्नेशियस यांनी निवडलेल्या दोघांत फ्रान्सिसचे नाव नव्हते. निकोलस बोबादिया आजारी पडले, वेळ उरला नव्हता, म्हणून फ्रान्सिस निघाले. आणि अखेरीस सान्शियन बेटावर चीनला नेणाऱ्या व्यापाऱ्याची वाट पाहत असता, तो न आल्यास सयामवरून जाण्याचा बेत त्यांनीही योजून ठेवला होता. ते दोन्ही बेत अपुरे राहिले. १५५२ च्या डिसेंबरात त्या बेटावरच त्यांचा अंत झाला.

डिसेंबर आला. शुक्रवारी जहाजाच्या कंपनीचा निरोप आला: सर्व काही ठरल्याप्रमाणे. अठ्ठेचाळीस तासांची मुदत शनिवारी रात्री संपत होती, म्हणून रेल्वेची तिकिटे रद्द करण्याविषयी आम्ही दादांना विचारले. ‘‘पाय फळीवर पडेपर्यंत नको,’’ एवढेच उत्तर आले. आम्हांला ते काहीसे उधळपट्टीचे वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

रविवारी रात्री साडेदहाला आमच्या देवळाची देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ वारले. आम्ही या धर्मग्रामात आलो त्या पहिल्या पहाटेपासून देवळाचे दार त्यांनी उघडले होते. आजारपणातही कुणीतरी चाव्या परस्पर नेल्या की ते रुसत. मुलगी दुबईहून येणार होती. मातीची वेळ सोमवारी दुपारी चार ठरली. जहाजावर चढण्याची मुदत तीन वाजता संपत होती.

वास्तविक, याही गोष्टीची तजवीज होती. आमच्या गैरहजेरीत शेजारच्या धर्मग्रामातील गुरुबंधू मिस्सा आणि मर्तिके पाहणार होते. ते तयारही होते. म्हणजे आम्ही गेलो असतो तर कुणी बोट दाखविले नसते. आम्ही रात्री बराच वेळ वऱ्हांड्यात येरझाऱ्या घातल्या. एका बाजूला चाळीस वर्षांची बाकी, दुसऱ्या बाजूला ते चाव्यांचे जुडगे. आमच्या वहीत ‘जहाज सुटले नाही तर’ होते, ‘गोवा गळाला तर’ होते. आम्हीच गळालो तर, असे पान नव्हते.

पहाटे पाचला दादांना फोन केला. बोलता बोलता आमचा आवाज अडखळला, आणि ते पलीकडे गप्प झाले. आता रागावतील असे वाटले. मग ते म्हणाले, ‘‘बाबा गेले तेव्हा मी ब्राझीलच्या बंदरात होतो. माझ्या जागी खांदा कुणी दिला, मी अजून विचारलेलं नाही. तू मातीला थांब. आम्ही बोटीनं जातो, तू गाडीनं ये. आमची दोन रद्द कर, तुझं ठेव.’’

म्हणून ते ठेवलेले तिकीट कामी आले. चारला मर्तिकाची मिस्सा झाली, मूठमूठ माती टाकली, मुलीशी बोललो. रात्री आम्ही दादरला कोकणकन्येत चढलो. समोरच्या दोन जागांवर राजापूरचे एक जोडपे आले. त्यांनी डब्यातले घावणे पुढे केले. आम्हांला सकाळपासून जेवणाची आठवण नव्हती, ती तेव्हा झाली.

मंगळवारी सकाळी दहानंतर करमळीला उतरलो. तेथून जुने गोवे जवळच. जहाजही त्याच सुमारास मुरगावला लागले होते, आणि दादा-वहिनी टॅक्सीने नव्या जुवारी पुलावरून आले. से कॅथेड्रलबाहेरच्या रांगेपाशी आम्ही त्यांना शोधत होतो. नजर दोनदा त्यांच्यावरून गेली तरी ओळख पटली नाही. वहिनींनी लाल लुगडे नेसले होते. कित्येक वर्षांत आम्ही त्यांना लुगड्यात पाहिलेले नव्हते.

दादांसाठी चाकांची खुर्ची मिळत होती, ती त्यांनी नाकारली. रांगेत ते जहाजाविषयीच सांगत राहिले. झोपायच्या खोलीत तिसरा पलंगही घातला होता म्हणे. ‘‘नाच-गाण्याचा गोंगाट फार. रात्री डेकवर जाऊन उभा राहिलो तर एक पोरगा पुसायला आला. त्याला म्हटलं, कोपऱ्यातून सुरुवात कर, पाणी आपोआप वाहतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चढली आहे.’’ संताच्या पेटीसमोर थांबायला मिळाले ते काही क्षण. स्वयंसेवक पुढे सरकावयास सांगत होते. दादांनी काचेला हात लावला, तो हात वहिनींच्या पदराला लावला, आणि आम्ही तिघे बाहेर आलो.

दुपारी मडगावच्या गुरुबंधूंकडे जेवण झाले. संध्याकाळी आम्ही त्यांना मुरगावला सोडावयास गेलो. मधल्या बंदरात चढू देण्याची सोय नसल्याने आमचे परतीचे तिकीट मांडवीचे होते, तेही त्या वहीतल्या दुसऱ्या तजविजीतलेच. फाटकाशी दादांनी खिशातून चांदीच्या कागदातले एक चॉकलेट काढले. तिसऱ्या पलंगावरच्या उशीवर ठेवले होते, आमच्या वाटणीचे. ते थोडे वितळले होते.

‘‘पुढचा सोहळा चौतीस साली,’’ आम्ही म्हणालो.

‘‘तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा,’’ दादा म्हणाले. ‘‘वही आहे ना अजून? पान रिकामं ठेव.’’ आणि वहिनींचा हात धरून ते फाटकाच्या आत गेले.