जवळची मीटिंग

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना समुपदेशकाने हातात दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगांच्या पत्त्यांचा कागद ठेवला. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. श्रीवर्धनच्या आसपासचा एकही पत्ता त्यात नव्हता. दारू थांबवायला डॉक्टर लागतोच. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, भास होतात, फिट येऊन जीवही जाऊ शकतो, म्हणून ते घरच्या घरी करू नये. पण डॉक्टरचं काम काही आठवड्यांत संपतं. त्यानंतरच्या संध्याकाळी आपल्याला काढाव्या लागतात आणि त्या एकट्याने निघत नाहीत. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं, तेव्हापासून तिथे बरे झालेले रुग्णच पुढच्यांना हात देत आले. त्यामागचं कारण मला गावी परतल्यावर कळलं.

श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव म्हणून प्रसिद्ध, पण आहे एवढंसं. पेठेतून समुद्राकडे निघालं की वाटेत दहा जण थांबवतात. माझी पोफळीची वाडी, रोठा सुपारीचा व्यवहार, त्यामुळे ओळखी तर विचारूच नका. जिथे कुणी ओळखणार नाही अशीच मीटिंग मला हवी होती. म्हणून मुंबई गाठली.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ‘एए’, मुंबईत १९५७ पासून आहे. मी गेलो ती मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली. फॉर्म नाही, फी नाही; दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एक जण बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. आयुष्यात प्रथमच माझं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पुढे मी वेगवेगळ्या मीटिंगांना बसलो आणि फरक दिसायला लागला. एकीकडे जुन्या पिण्याच्या कहाण्या अशा रंगायच्या की ऐकतानाच जिभेला चव यायची. दुसरीकडे एकच ज्येष्ठ सदस्य तासभर बोलायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका कारकुनाने त्याच दिवशीची गोष्ट सांगितली: पुतण्याच्या हळदीला गेल्या गेल्या त्याने स्वतःच्या हाताने ग्लासात सोडा भरून घेतला, रिकामा ग्लास कुणाला दिसूच दिला नाही, आणि जेवणाची पहिली पंगत उठताच घर गाठलं. हे मला उपयोगी पडलं. नव्या माणसाने मीटिंग पारखताना एवढंच पाहावं असं मला वाटतं, की तिथे आजच्या संध्याकाळबद्दल कुणी बोलतं का. आणि एका बैठकीवरून ठरवू नये. तीनचार ठिकाणी बसून बघावं.

पण मुंबईची मीटिंग कितीही चांगली असली तरी एसटीने म्हसळा-माणगाव करत जायचं, वाडीचं शिंपणं कुणावर तरी सोपवायचं, हे दर आठवड्याला जमत नव्हतं. तलफ काही रविवारची वाट बघत नाही. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर मराठी मीटिंगा सुरू झाल्या तेव्हा मी रोज बसू लागलो. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वीज गेली, टॉवर गेले, वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या. नवं रोप लावलं तर सुपारी धरायला पाचसहा वर्षं. अशा दिवसांत माणूस पितोच, असं गावात सगळे धरून चाललेले.

त्याच दिवसांत जीवना कोळीवाड्यातला एक जण पडलेली झाडं तोडायला मदतीला आला. मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर, हाताला काम नाही. कोयता बाजूला ठेवून त्याने हळूच विचारलं, “दादा, तुमची सुटली ती कशी?”

मी पुण्याला का गेलो होतो ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तर तो माझ्याकडे आला. आम्ही तिथेच ओंडक्यावर बसलो. संध्याकाळ झाली आणि गेलीही.

एएची सुरुवातही अशीच दोघांची. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दारू सोडलेला बिल विल्सन हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, बार समोरच. आत जाण्याऐवजी त्याने फोन करून करून आपल्यासारखाच कुणी शोधला. तो निघाला डॉक्टर बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांचं ठरवून भेटलेले दोघे तासन् तास बोलत बसले. दारूपासून दूर राहायला दोघंतिघं जमले तर तो गट, असं एए आजही मानते. त्यासाठी हॉल, माइक, बोर्ड काहीही लागत नाही.

त्या कोळी मित्राला मी आधी डॉक्टरांकडे नेलं. मग आणखी काही जण जोडले गेले. ओळख लपवण्याचा एएचा नियम इथे पाळणं शक्यच नव्हतं, तेव्हा आम्ही दुसरा नियम कडक केला: मीटिंगमध्ये ऐकलेलं बाहेर, अगदी घरीसुद्धा, बोलायचं नाही. एकाचा भाऊ दुसऱ्याचा देणेकरी आहे, तरी हा नियम आजवर टिकला आहे. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं. माझी बायको फोनवरून त्यात बसते आणि तिथे काय बोलते ते मी विचारत नाही.

मासेमारीबंदीच्या महिन्यांत आम्ही जास्त वेळा भेटतो, कारण तेव्हाच कोळीवाड्यात हात रिकामे असतात. वेळ आधी सातची होती. म्हसळ्याहून येणाऱ्याला परतीची गाडी मिळेना, तेव्हा ती साडेपाचवर आणली.