सेल्फ

आमच्याकडे स्टार्टरला सेल्फ म्हणतात. साताऱ्यात बाबांची प्रीमिअर पद्मिनी होती, तेव्हा हिवाळ्यातलं घरातलं रोजचं वाक्य म्हणजे 'सेल्फ घेत नाहीये'. मग मी आणि दादा मागून ढकलायचो. बाबा दुसरा गियर टाकून क्लच दाबून बसायचे, जरा वेग आला की क्लच सोडायचे आणि गाडी आचका देऊन सुरू व्हायची. पुढे त्यांनी आमचीही गरज ठेवली नाही. रात्री गाडी उतारावर, तोंड खाली करून लावायची. साताऱ्यात उताराला काय तोटा.

हे सगळं इतक्या वर्षांनी आठवलं ते टोलेडोत, शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली उताणा पडलेलो असताना. हे शेजारी वयाने बाबांच्या बरोबरीचे. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायचो, तिथली रीतच तशी. पण घरी बायकोशी बोलताना ते आजोबाच. टोलेडोत जीएमचा ट्रान्समिशनचा कारखाना आहे, तिथे त्यांनी उभी हयात काढली. म्हणजे लोकांसाठी ऑटोमॅटिक गियरबॉक्स बनवले आणि स्वतः मात्र 1976 ची शेवर्ले सी-10 चालवली, साडेतीनशेचं व्ही-8 इंजिन आणि हाताने टाकायचे चार गियर. त्यातला पहिला इतका हळू, की शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल. 'ऑटोमॅटिक बायकांना आणि बँकवाल्यांना' असं ते म्हणायचे. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे हे त्यांना माहीत होतं.

मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या ट्रकचा क्लच म्हणजे जिममधलं मशीन. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. मुलीने ट्रक विकायचा विषय काढला, तेव्हा त्यांनी तिच्याशी दोन आठवडे बोलणं टाकलं आणि मग एका शनिवारी माझ्या दाराशी येऊन म्हणाले, ऑटोमॅटिक बसवू या, तुला वेळ आहे का?

भंगारातून टर्बो 350 गियरबॉक्स मिळाला. तो शेवर्लेच्या या इंजिनाला सरळ बसतो, त्यात काही हुशारी नाही. क्रॉसमेंबर, वेगळ्या लांबीचा शाफ्ट, तेल थंड करायच्या नळ्या, हे सगळं वेळखाऊ, पण डोकं लागत नाही. आम्ही फसलो ते सेल्फवर.

साध्या गियरच्या गाडीत इंजिनाच्या मागे जाडजूड फ्लायव्हील असतं, त्यावर क्लच बसतो. ऑटोमॅटिकमध्ये त्याजागी पातळ पत्र्याची चकती येते, फ्लेक्सप्लेट, आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर जोडतात. दोन्हींच्या कडेला दाते असतात आणि सेल्फचा छोटा पिनियन पुढे सरकून त्या दात्यांत अडकतो. शेवर्लेच्या या इंजिनात ही दातेरी कड दोन मापांत येते: 168 दात्यांची, 14 इंच व्यासाची, आणि 153 दात्यांची, पावणेतेरा इंचांची. गियरबॉक्सच्या घंटेत दोन्ही मावतात, हीच गोम. त्या काळच्या फोर्डमध्ये सेल्फ गियरबॉक्सच्या घंटेला बसतो. शेवर्लेत तो इंजिनाच्या ब्लॉकला खालून बसतो, म्हणून गियरबॉक्स बदलला तरी सेल्फ जागचा हलत नाही. मोठ्या चकतीच्या सेल्फचे दोन बोल्ट तिरके, मागेपुढे. लहान चकतीच्या सेल्फचे एका ओळीत.

आम्ही जुनाच सेल्फ परत चढवला. चांगला होता, मग का बदलायचा? आजोबांनी किल्ली फिरवली. नुसतं घुंईं. सेल्फ मोकळा फिरतोय आणि इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवली, पुन्हा घुंईं.

मी खाली जाऊन एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजत गेलो. 153. विश्वास बसेना म्हणून परत मोजले. गियरबॉक्सबरोबर आलेली चकती कुठल्यातरी लहान गाडीची होती आणि आमचा सेल्फ 168 चा. पिनियन दात्यांपासून अर्ध्या इंचाहून जास्त लांब फिरत होता. वर येऊन सांगितलं तेव्हा आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चाळीस वर्षं ही डबडी बनवली, आणि बसवताना दाते मोजले नाहीत.' मला वाटलं नेहमीसारखी थट्टा असेल. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

सोपा उपाय होता, लहान चकतीचा सेल्फ आणायचा. पण त्याला ब्लॉकवर ओळीतलं दुसरं भोक लागतं, आणि आमच्या ब्लॉकवर तिथे नुसता ओतीव लोखंडाचा उंचवटा. भोक पाडलेलंच नव्हतं. आजोबा ड्रिल शोधायला लागले. उताणं पडून, हाताने, ओतीव लोखंडात सरळ भोक! केसभर तिरकं गेलं तर पिनियन महिन्याभरात सगळे दाते खाऊन टाकणार. मी नाही म्हटलं. म्हणजे गियरबॉक्स पुन्हा खाली. आणखी दोन शनिवार. 168 ची चकती आणली, तीही 1985 पर्यंतच्या इंजिनाची, कारण 1986 पासून क्रँकच्या मागची बांधणी बदलली आणि नंतरची चकती जुन्याला बसत नाही.

या वेळी इंजिन लागलं. पण सुरू झाल्यावर किल्ली सोडता सोडता बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायचा. इथे कान लागतो. इंजिन सुरू व्हायच्या आधी, सेल्फ फिरताना किंचाळलं तर पिनियन दात्यांपासून लांब आहे. सुरू झाल्यावर किंचाळलं तर फार जवळ आहे, सुटायला जागा नाही. जवळ असेल तर सेल्फ आणि ब्लॉकच्या मध्ये पातळ पत्र्याची शिम घालायची. अंतर बघायला आजोबांनी कागदाला लावायची साधी क्लिप सरळ केली आणि पिनियनच्या दात्याचं टोक आणि चकतीच्या दोन दात्यांमधली खाच यांच्यात घालून पाहिली. तेवढी तार जेमतेम जायला हवी. चकती थोडी थोडी फिरवत तीन ठिकाणी पाहिलं. बोल्टही त्या सेल्फचेच हवेत, दांड्यावर खरबरीत पट्टा असलेले, साधा बोल्ट घातला तर सेल्फ आत हलत राहतो. एक शिम घातली. आवाज जवळजवळ गेला.

खरं भांडण झालं ते एका जांभळ्या वायरवरून. किल्लीकडून सेल्फकडे जाणारी ही वायर ऑटोमॅटिक गाडीत एका स्विचमधून जाते, म्हणजे दांडा पी किंवा एनवर असल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. भंगारातून आणलेल्या स्टिअरिंगच्या खांबावर तो स्विच होता. आजोबांना तो नको होता. आणखी एक बिघडणारी वस्तू, म्हणाले. आणि ऑटोमॅटिकला धक्का मारता येत नाही, इंजिन बंद तर आतल्या पंपाला दाब नाही, चाकांचा इंजिनाशी संबंधच नाही. तो स्विच एखाद्या थंडीत खराब झाला तर मी रस्त्यात बसू? यात चूक काहीच नव्हतं. तरी मी वायर स्विचमधूनच नेली. ते रागावून आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाय पाठवला, सफरचंदाचा.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी फोन आला. तुझा सेल्फ गेला. मी गेलो. किल्ली फिरवली, टिक नाही की टुक नाही. मग नजर दांड्यावर गेली. डीवर होता. ट्रकच्या नाकापासून हातभर अंतरावर त्यांचं कामाचं टेबल आणि त्यामागे घराची भिंत. मी दांडा पीवर नेला, इंजिन सुरू झालं. ते हसले. जन्मभर हाताने गियर टाकले, सवय जायला वेळ लागणार, असं म्हणाले. मलाही ते पटलं.

दहा-बारा दिवसांनी परत फोन. परत डी. या वेळी ते हसले नाहीत, स्विचला शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा नोव्हेंबरात गेलो, तेव्हा ते ट्रकमध्ये बसून होते, गॅरेजचं दार उघडं, बाहेर बारीक बर्फ. त्यांना विचारलं कुठे निघालात, तर त्यांना सांगता आलं नाही. मी दांडा गुपचूप पीवर घेतला आणि म्हणालो, बॅटरीची तार सैल होती.

बाबांची पद्मिनी विकायचं मीच दादाला फोनवर सांगितलं होतं, इथून. त्यांनी दोनदा उतारावर हँडब्रेक न लावता गाडी सोडली होती. दादा म्हणाला, तू सांग त्यांना. मी नाही सांगितलं. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं तेव्हा बाबा बँकेत गेलेले होते.

त्या रात्री मी आजोबांच्या मुलीला फोन केला. दांड्याचं सांगितलं, तिन्ही वेळचं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, तिला उन्हाळ्यापासून शंका होती. मग तिने विचारलं, तो स्विच कोणी लावला. मी सांगितलं. पुढच्या रविवारी ती आली, दोघं आत दोन तास बोलत होती. मला बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. नंतर ती बाहेर येऊन किल्ली माझ्या हातात देऊन गेली.

आता शनिवारी सकाळी मी ट्रक काढतो आणि ते शेजारी बसतात. हार्डवेअरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं. पहिले काही शनिवार ते माझ्याशी बोलत नव्हते, काचेतून बाहेर बघत बसायचे. परवा मी किल्ली फिरवली, इंजिन लागलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बंद कर, म्हणाले. परत चालू कर. मी केलं. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.

'अर्धी शिम अजून हवी होती,' म्हणाले.