नाक कुठे, शेपटी कुठे

रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर म्हटले की लोकांना वाटते, खरी कसरत ते वर नेण्यात आहे. माझी बहीणही तेच धरून बसली होती. "एवढी महागाची वस्तू, वर गेली आणि खाली आलीच नाही तर?" वर नेणे फारसे कठीण नाही. त्याचे नाक या क्षणी कोणीकडे आहे हे हाताला ठाऊक असणे कठीण. डोक्याला नव्हे, हाताला.

विमानाचे बरे असते. ते नाकासमोर जाते, म्हणून जिकडे सरकले तिकडे तोंड. हेलिकॉप्टर मात्र हवेत थांबते, आडवे सरकते, मागेही जाते. त्याच्या चालीवरून त्याचे तोंड ओळखता येत नाही. शेपटी आपल्याकडे असेपर्यंत त्याचा उजवा तो आपला उजवा. ते वळून आपल्यासमोर तोंड करून उभे राहिले, की डाव्याचे उजवे आणि पुढचे मागे. एवढे शाळकरी पोरालाही कळते. बोटांना कळत नाही, हीच अडचण.

भाचा माझ्याकडे शिकू लागला तेव्हा आधी काही महिने त्याला कॉम्प्युटरवरच बसवले. तिथे कितीही पडले तरी खर्च नाही. मग मिरजेबाहेरच्या माळावर, पहाटे वारा पडलेला असताना, हेलिकॉप्टरच्या पायांखाली आडव्या-उभ्या काठ्या आणि टोकांना चेंडू बांधून सुरुवात. आधी शेपटी आपल्याकडे, मग डावी कूस, मग उजवी. नाक समोर घ्यायचे ते सगळ्यात शेवटी. तेव्हा त्याला एकच गोष्ट सांगितली: ज्या बाजूला ते कलताना दिसेल, त्याच बाजूला काठी ढकल. कललेल्या भिंतीला आपण टेकू देतो ना, तसा टेकू दे. एके दिवशी तो म्हणाला, "मामू, विचार केला की चुकतं." तेव्हा मला वाटले, आता पोरगा उडवणार.

बहिणीची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा घेर सव्वा मीटरहून जास्त आहे, आणि मिनिटाला २००० फेरे घेताना पात्यांच्या टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातो. हे खेळणे नव्हे. लहान मुले माळावर आली की मी ते उतरवून ठेवतो. आईबाप रागावतात, रागावू देत.

अलीकडे प्रश्न माझ्या डोळ्यांचा आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. पुढचे टोपण पिवळेधमक, शेपटीचे पान लाल, असे रंग मी मुद्दाम दिले आहेत. पण शंभर मीटरवर ते सगळे धूड हात लांबवून पाहिले तर करंगळीच्या नखाएवढे उरते. मागे उजळ आभाळ असले की रंग जातात, नुसती काळी आकृती दिसते. शेपटी अंगाआड गेली की येते आहे की जाते आहे, ते उमगत नाही. अशा वेळी आधी उंची घ्यायची, मग किंचित वळवून शेपटी बाहेर काढायची. भाचा शेजारी उभा राहून हाक देतो, "मामू, नाक आपल्याकडं!"

ऑपरेशन ईदनंतर ठरले आहे. तोवर पन्नास पावलांपलीकडे मी ते नेत नाही. पुढे न्यायचे झालेच, तर रिमोट त्याच्या हातात देतो आणि बहिणीला फोन करून सांगतो, आज पोरगा उडवतोय, येऊन बघ. अजून ती आलेली नाही.