गिराच्या धोधाला जाताना

श्रावण तोंडावर आला की आमच्या हरणीतील परिचित मंडळी मला एकच प्रश्न विचारू लागतात, "गुरुजी, यंदा धबधबा कोणता पाहावा?" वडोदऱ्याच्या सपाट मुलखात तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांना कोसळत्या पाण्याची एवढी ओढ का असावी, याचा उलगडा मला झालेला नाही. पूर्वजांनी मागे ठेवलेला सह्याद्री असा पावसाळ्यात आठवत असेल कदाचित. एका दिवसात परतायचे असेल, तर मी जांबुघोड्याच्या बाजूच्या हाथणी मातेच्या धबधब्याचे नाव सांगतो. परंतु ज्याला एक रात्र घराबाहेर काढता येईल, त्याने डांगात, वघईजवळच्या गिराच्या धोधाला जावे. धोध म्हणजे आपला धबधबाच. हा गुजराती शब्द आता आमच्या तोंडी इतका बसला आहे की तो परका वाटत नाही.

जाण्याची खरी मौज बिलीमोऱ्यापासून सुरू होते. तेथून वघईपर्यंतचा ६३ किलोमीटरचा अरुंद रुळांचा मार्ग ही सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाची निर्मिती. १९१३ साली तो सुरू झाला, आणि त्यामागे डांगच्या जंगलातील सागवान खाली आणण्याचा हेतू होता. २०२० च्या अखेरीस हा मार्ग कायमचा बंद करण्याचे ठरले होते. लोकांनी आग्रह धरला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. बिलीमोरा ते वघई सुमारे तीन तास लागतात. घाई असलेल्याने मोटारीने जावे. परंतु गणदेवी, अनावल, उनाई अशी स्थानके मागे टाकीत, उसाच्या आणि आंब्याच्या मुलखातून हळूहळू सागाच्या रानात शिरणारी ही गाडी मुलांना एकदा तरी दाखवावी. निघण्यापूर्वी वेळापत्रक मात्र पाहून घ्यावे. उनाईला उतरणाऱ्यांनी तेथील गरम पाण्याची कुंडे पाहावीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी आमच्या एका स्नेह्याचा अर्धा दिवस वाया गेला. डांगात 'गिरा' या नावाचा घोटाळा होतो. वघईपासून चार-पाच किलोमीटरवर, अंबिका नदीवर आहे तो गिराचा धोध. दुसरा गिरमाळचा, तो सुबीरच्या बाजूला, गिरा नदीवर, खूपच दूर. वाट विचारताना "वघईचा" असे स्पष्ट म्हणावे.

आता गिराविषयी. येथे नदी एका धारेने पडत नाही. काळ्या कातळाच्या रुंद उंबऱ्यावरून ती अनेक धारांनी एकदम खाली येते, आणि भर पावसाळ्यात त्या धारांची एकच गढूळ भिंत होते. आपण समोरच्या काठावर उभे असतो. तुषार चष्म्यावर येतात आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. पाणी पाहायचे असेल तर जुलै-ऑगस्ट, आणि शुभ्र धारा पाहायच्या असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर, हा माझा अनुभव. उन्हाळ्यात जाऊ नये. कातळ तेवढा दिसतो.

काठावर बांबूच्या वस्तूंची आणि भाजलेल्या कणसांची दुकाने आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही चार कुटुंबे गेलो होतो. ऊन पडले होते. धारेपासून बऱ्याच अंतरावर, पाण्याबाहेर आलेले दोन रुंद खडक होते आणि मुलांना तेथे बसून छायाचित्र हवे होते. मीही "जा, पण लवकर या" असे म्हणून बसलो. तेवढ्यात टोपल्या विणणारा एक म्हातारा उठून आमच्यापुढे उभा राहिला. तो डांगीत बोलत होता. डांग १ मे १९६० रोजी गुजरातेत आला, तरी ही बोली मराठी कानाला अर्धीअधिक कळते. तो म्हणाला, "गुरुजी, इथले ऊन पाहू नका. वरती सापुताऱ्याकडे पाहा."

वर आकाश काळे झाले होते. अंबिका उगम पावते ती सुरगाण्याच्या डोंगरात. तिकडे कोसळलेला पाऊस येथे पोचायला वेळ लागतो. म्हणून वघईला ऊन असतानाही नदी चढते. पाण्याचा रंग तांबूस होऊ लागला, त्यात काटक्या आणि पाने वाहत आली, किंवा धोधाचा आवाज जड झाला, की काठ सोडायचा, ही त्याची शिकवण. मला थोडा रागच आला. मुलांच्या देखत आपल्याला कोणी थांबवावे, याची मुख्याध्यापकाला सवय नसते. अर्ध्या तासात ते दोन्ही खडक पाण्याखाली गेले.

त्याने विचारले, "गाव कोणते?" मी हरणी म्हणालो. "तळ्याचे हरणी?" एवढेच तो बोलला.

१८ जानेवारी २०२४ रोजी आमच्या हरणीच्या मोटनाथ तळ्यात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत मर्यादेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. ते तर उभे पाणी होते. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात, एका कुटुंबातील पाच जण लोंढ्यात वाहून गेले. सहलीच्या अर्जावर सही करताना तेव्हापासून माझा हात थांबतो. आणि तरीही त्या दिवशी मुलांना "जा" असे मीच म्हणालो होतो.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढे करावे. डांगात पाण्यात उतरण्यास बंदी असते, आणि २०१९ साली तर पर्यटनस्थळी सेल्फी काढण्यावरही प्रशासनाने बंदी घातली होती. फलक पाहून हसू नये. शेवाळलेल्या कातळावर चपला घालून जाऊ नये, तळव्याला पकड असलेले बूट घालावेत. घरातील एका मोठ्या माणसाने छायाचित्रांच्या फंदात न पडता केवळ मुले मोजावीत. भोजन मात्र डांगचेच घ्यावे: नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांचे लोणचे. या लोणच्याची एक बरणी आम्ही आणली होती. दिवाळीपर्यंतही पुरली नाही. त्या म्हाताऱ्याकडून घेतलेली टोपली घरी कांदे ठेवायच्या कामी येते.