जाऊन येते

पहाटे साडेचारला फोन वाजतो. आमचं यवत गाव अजून झोपेत असतं. सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर आणि लांबून येणारी मालगाडी, एवढंच काय ते जागं. तोक्योत तेव्हा आठ वाजलेले असतात. पिवळी टोपी घातलेली माझी पहिलीतली नात, पाठीवर तिच्याहून जड वाटणारं दप्तर घेऊन, दारात बूट चढवताना फोनमध्ये डोकावते. म्हणते, "आजी, इत्ते किमासु."

मी म्हणते, "ये हो जाऊन."

'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमासु' म्हणजे येते. लेकीनं हे उलगडून सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या सासूबाई उंबऱ्यावर कुणाला 'जाते' म्हणू देत नसत. घटकाभर टेकायला आलेल्या शेजारणीनंसुद्धा 'येते' म्हणूनच उठायचं. इतक्या समुद्रांपलीकडे कुणाच्या तरी सासूबाई लेकीसुनांना हेच शिकवत आल्या आहेत. घरात मागे राहिलेलं माणूस जे उत्तर देतं, 'इत्ते राश्शाई', त्याचाही अर्थ जाऊन ये असाच.

लेक आणि जावई निशी-कासाईत राहतात. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातली ही वस्ती, आपल्याकडच्या संगणक अभियंत्यांनी गजबजलेली. याच वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये निवडून आले. तरी परमुलूख तो परमुलूखच. आम्ही माळकरी आणि तिकडच्या बहुतेक रश्शांना सुक्या माशाच्या पाण्याची चव, त्यामुळे नात डबा घरून नेते. पण शाळेतल्या जेवणाच्या वाढपाची पाळी आली की तीही पांढरा एप्रन, पांढरी टोपी घालून वर्गातल्या सगळ्यांना वाढते. जेवणाआधी सगळी मुलं हात जोडतात. जेवून उठली की वर्ग, जिना, व्हरांडा स्वतः झाडतात, पुसतात. आमच्याकडे तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून येते आणि काळभैरवनाथाच्या देवळात उतरते, तेव्हा गावभर पिठल्याचे हंडे चढतात, घराघरातून भाकऱ्या येतात. त्या दिवशी इथली पोरंही अशीच पंगतीत वाकून वाढतात. वाढणारं पोर कुठल्याही मुलखात मला सारखंच दिसतं.

तिकडे गेले तेव्हा पिशवीत गुळाची लहान ढेप होती. शेजारी ओकिनावाच्या एक म्हाताऱ्या बाई राहतात. लेकीनं त्यांना खडा दिला. त्यांनी तो आधी हुंगला, मग जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "कोकुतो." आत जाऊन डबा आणला. त्यात काळसर, ओबडधोबड खडे. मी चाखला. गूळच! आमच्यापेक्षा काळा, किंचित खारट, पण गूळच.

मग आमच्या गप्पा रंगल्या, दुभाषी लेक. त्यांच्याकडे १६२३ मध्ये उसाचा रस आटवण्याची विद्या चीनमधून आली आणि आजही आठ बेटांवर हा काळा गूळ होतो. मी सासऱ्यांच्या गुऱ्हाळाचं सांगितलं. चरकातून फेसाळत येणारा रस, भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून वर काढलेली मळी, चुलवणात चिपाड सारणारा जाळव्या, आणि काहिलीशी उभा राहून पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघणारा गुळव्या. चुन्याची निवळी म्हणताच बाईंनी मान हलवली; त्यांच्याकडेही रसात चुना पडतो. काकवीसारखा पाकसुद्धा आहे, त्याला त्या 'कुरोमित्सु' म्हणतात. नात दोन्ही खडे दोन गालांत धरून बसली होती.

रात्री मात्र मला झोप येईना. पोर खेळताना जपानीत बोलते, स्वप्नातही जपानीत बरळते. हिची मराठी किती दिवस टिकायची?

अशा वेळी मला केडगाव आठवतं. यवतहून दौंडकडे निघालं की खुटबाव, मग केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची लेक मनोरमा जेमतेम दोन वर्षांची. ती वाँटेजच्या मठात परक्या बायांच्या हाती, परक्या बोलीत वाढू लागली. पुढे ती अमेरिकेतही शिकली. आईनं अमेरिकेवरचं आपलं पुस्तक मराठीत लिहिलं, १८८९ मध्ये. आणि लेक परत आली, केडगावात आईच्या खांद्याला खांदा लावून राबली. परत येण्याची वाट आईनं भाषेतूनच राखली होती, असं मला मनापासून वाटतं.

नातीनं परत यावं असा माझा हट्ट नाही. पण यवतला आली तर इथल्या कुणाशीही बोलताना तिला दुभाषी लागू नये, एवढं मला हवंच. म्हणून पहाटे उठते. ती जपानीत निरोप घेते, मी मराठीत देते. गेल्या महिन्यात बूट चढवता चढवता ती घाईत म्हणाली, "आजी, येते हं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती येणार आहे. शेजारच्या बाईंसाठी दोन किलोची ढेप बाजूला काढून ठेवली आहे.